गोळीतला भराव म्हणजे भेसळ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोषणपूरक गोळ्यांवरील लेखात, डबीवर छापलेल्या निम्म्या पदार्थांचा पोषणाशी संबंध नसल्याने ती भेसळच आहे, असा सूर आहे. गोळ्यांच्या उत्पादन विभागात काम केलेले असल्याने लिहावेसे वाटले.

जीवनसत्त्व बी-१२ची रोजची गरज जेमतेम काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबातली. तेवढ्याची गोळी करायची म्हटली तर ती डोळ्याला धड दिसणारही नाही. म्हणून सेल्युलोज किंवा डायकॅल्शियम फॉस्फेटचा भराव लागतो. खरी कसोटी असते ती मिसळण्याची. सगळा माल एकदम ओतून चालत नाही. आधी बी-१२ थोड्याशा भरावात, मग ते मिश्रण आणखी भरावात, असे वाढवत न्यावे लागते. नाहीतर एका गोळीत दुप्पट आणि दुसरीत जवळजवळ काहीच नाही! मिक्सरच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून नमुने काढून तपासतात ते याचसाठी.

लेखात सर्वाधिक झोडपलेले मॅग्नेशियम स्टिअरेट बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर असते. ते नसेल तर भुकटी पंचला, म्हणजे गोळी दाबणाऱ्या यंत्रातल्या ठशाला, चिकटते, गोळीवर उमटायची अक्षरे बुजतात आणि मशीन थांबवून पंच पुसत बसावे लागते. हां, ते घालून मिश्रण फार वेळ फिरवले तर प्रत्येक कणावर त्याचा थर बसतो, गोळी ठिसूळ होते आणि पाण्यात उशिरा फुटते. त्यामुळे ते अगदी शेवटी घालून काही मिनिटांतच मिक्सर बंद करतात.

क जीवनसत्त्व हवा-दमटपणाने घटत जाते. मुदत संपेपर्यंत छापील आकडा टिकावा म्हणून बनवतानाच ते थोडे जास्त घालतात. यालाही कोणी फसवणूक म्हणेल!

चौकशी करायचीच तर दोन गोष्टींची करा. पहिली, गोळी पोटात फुटते का? प्रयोगशाळेत ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात जाळीच्या नळ्यांमध्ये गोळ्या खालीवर हलवून हे पाहतात. दगडासारखी दाबलेली गोळी दिसायला गुळगुळीत असते, पण ती तशीच्या तशी बाहेर पडली तर उपयोग काय? दुसरी, छापलेला आकडा नेमका कशाचा? कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्केच असते. म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमसाठी १,२५० मिलिग्रॅम कार्बोनेट लागते. ‘कॅल्शियम कार्बोनेट ५००’ असे छापलेल्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम २०० मिलिग्रॅमच असते आणि घेणारा मात्र ५०० धरून चालतो.

भरावाच्या नावांनी वाचकांना घाबरवण्यापेक्षा डबीवरचा हा आकडा कसा वाचायचा, यावर आपण एखादा लेख छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त उत्पादन पर्यवेक्षक