मुक्तास पत्र: युतीचं कलम आणि आगगाडीचं वेळापत्रक

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

पहिल्या महायुद्धावरचा तुझा खर्डा वाचला. मांडणी चांगली आहे, पण तिसऱ्या पानावर लिहिलं आहेस की युरोप दोन गटांत वाटला गेला होता, त्यामुळे एक देश युद्धात उतरताच बाकीचे आपोआप ओढले गेले. क्रमिक पुस्तकांत हेच असतं, म्हणून तुला दोष नाही. पण मूळ करार उघडून वाचले की हे विधान टिकत नाही. 1914 च्या ऑगस्टमध्ये जे देश लढायला उतरले, त्यांतल्या बहुतेकांवर कराराच्या अक्षरानुसार तशी सक्ती नव्हती. मग ते का उतरले, हे तुझ्या निबंधात यायला हवं.

कोणताही लष्करी करार वाचताना आधी शोधायचं की तो लागू कधी होतो: कोणी, कोणावर, चिथावणी देऊन की न देता हल्ला केला तर? मग मदत म्हणजे नेमकं काय? सगळी फौज, की फक्त मैत्रीपूर्ण तटस्थता? आकडा आणि दिवस दिला आहे का? मुदत किती, आणि मजकूर कोणाकोणाला माहीत होता? वहीत एवढे रकाने आख आणि एकेक करार त्यात बसव.

सुरुवात 1871 पासून कर. फ्रान्सने जर्मनीशी झालेलं युद्ध हरून आल्सास आणि लोरेनचा काही भाग गमावला, वर 5 अब्ज फ्रँक खंडणी भरली. फ्रान्स कधी ना कधी सूड घेणार हे जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बिस्मार्क धरूनच चालला होता. म्हणून फ्रान्सला जोडीदार मिळू द्यायचा नाही, हे त्याचं धोरण. 7 ऑक्टोबर 1879 चा जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचा करार पाहा. रशियाने दोघांपैकी एकावर हल्ला केला तर दुसऱ्याने सगळ्या ताकदीनिशी मदत करायची. हल्ला दुसऱ्या कोणी केला, म्हणजे मनात फ्रान्स, तर मैत्रीपूर्ण तटस्थता पुरे. रशिया त्या हल्लेखोराच्या पाठीशी आला तरच फौज. करार बचावाचा होता. ऑस्ट्रियाने आपणहून कुरापत काढली तर जर्मनीवर काही बंधन नव्हतं. मजकूर 1888 मध्ये मुद्दाम छापला गेला, रशियाने तो वाचावा म्हणून.

20 मे 1882 ला इटली आली आणि त्रिराष्ट्र युती झाली. आदल्या वर्षी फ्रान्सने ट्युनिस घेतलं होतं, त्याचा राग इटलीला तिकडे घेऊन गेला. पण त्याच वेळी इटलीने जाहीर करून घेतलं की हा करार इंग्लंडविरुद्ध नाही. लांबलचक उघडा किनारा असलेल्या देशाला ब्रिटिश आरमाराशी वैर परवडणारं नव्हतं. ही एक अट लक्षात ठेवलीस तर 1914 मधली इटली कळेल. पुढे सातवं कलम आलं: बाल्कनमधली स्थिती ऑस्ट्रिया किंवा इटलीने बदलली तर आधी एकमेकांशी बोलायचं आणि दुसऱ्याला मोबदला द्यायचा. 1902 मध्ये तर इटलीने फ्रान्सला गुपचूप शब्द दिला की तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही तटस्थ राहू. त्याच वर्षी त्रिराष्ट्र युतीचं नूतनीकरणही केलं.

रुमानिया 1883 मध्ये गुप्तपणे या गटाला जोडला गेला. तो करार राजा कॅरोल आणि मोजक्या मंत्र्यांपुरताच राहिला. 1914 मध्ये राजाने तो मुकुट परिषदेपुढे, म्हणजे राजाने बोलावलेल्या सल्लागारांच्या बैठकीपुढे, ठेवला, तेव्हा परिषदेने तटस्थ राहायचं ठरवलं. ज्या करारामागे संसद नाही, लोकमत नाही, तो ऐन वेळी असाच उघडा पडतो.

आता रशिया. 1887 मध्ये बिस्मार्कने रशियाशी तीन वर्षांचा गुप्त करार केला: दोघांपैकी एकाचं तिसऱ्याशी युद्ध झालं तर दुसरा तटस्थ. अपवाद दोनच, जर्मनीने फ्रान्सवर किंवा रशियाने ऑस्ट्रियावर हल्ला केला तर. पण त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने जर्मन मध्यवर्ती बँकेला रशियन रोख्यांच्या तारणावर कर्ज द्यायला बंदी केली. बर्लिनचा पैसा आटला तसा रशिया पॅरिसच्या बाजारात गेला, आणि 1888 मध्ये 50 कोटी फ्रँकचं पहिलं मोठं कर्ज तिथे उभं राहिलं. 1890 मध्ये बिस्मार्क पदावरून गेला आणि त्याच्या वारसांनी करार संपू दिला. फ्रान्स-रशिया मैत्रीची पायाभरणी लष्करी अधिकारी बोलणी करायला बसण्याआधीच कर्जरोख्यांनी केली होती, असं माझं ठाम मत आहे.

पुढचा दस्तऐवज मात्र शब्द न् शब्द वाच. ऑगस्ट 1892 मध्ये फ्रान्सच्या बाजूने जनरल ब्वादेफ्र आणि रशियाच्या बाजूने जनरल ओब्रुचेव्ह यांनी मसुदा तयार केला. मान्यता पक्की व्हायला जानेवारी 1894 उजाडला. जर्मनीने, किंवा जर्मनीच्या पाठिंब्याने इटलीने, फ्रान्सवर हल्ला केला तर रशिया जर्मनीशी लढेल. जर्मनीने, किंवा जर्मनीच्या पाठिंब्याने ऑस्ट्रियाने, रशियावर हल्ला केला तर फ्रान्स जर्मनीशी लढेल. इथवर नेहमीचंच. दुसऱ्या कलमात म्हटलं आहे की त्रिराष्ट्र युतीने किंवा तिच्यातल्या एकाही देशाने सैन्याची जमवाजमव सुरू केली, तर बातमी कळताच, वेगळी चर्चा न करता, दोघांनी एकाच वेळी आपापली जमवाजमव करायची. तिसऱ्यात आकडे: जर्मनीविरुद्ध फ्रान्सचे 13 लाख, रशियाचे 7 ते 8 लाख. एकट्याने तह करायचा नाही. मुदत त्रिराष्ट्र युतीइतकीच. सगळं अत्यंत गुप्त. युद्धापूर्वी फ्रेंच संसदेने हा मजकूर पाहिला नाही.

1879 च्या कराराला लागू व्हायला हल्ला लागत होता, इथे शेजाऱ्याची जमवाजमव पुरत होती. जमवाजमव म्हणजे राखीव सैनिकांना घरून बोलावणं, घोडे ताब्यात घेणं, प्रत्येक तुकडीला ठरलेल्या गाडीने ठरलेल्या स्थानकावर उतरवणं. जर्मनीची 1914 ची तयारी सुमारे 11,000 आगगाड्यांची होती. अशी योजना मध्येच थांबवली तर तुकड्या एकीकडे आणि त्यांचा दारूगोळा दुसरीकडे राहतो. म्हणून सेनाधिकारी राज्यकर्त्यांना बजावत की सुरू केलंत तर पूर्ण करावं लागेल.

ब्रिटनचं प्रकरण वेगळं. 8 एप्रिल 1904 चा फ्रान्सशी समझोता इजिप्त, मोरोक्को, न्यूफाउंडलंडची मासेमारी, सयाम अशा वसाहतींच्या भांडणांबद्दल होता. 31 ऑगस्ट 1907 चा रशियाशी करार इराण, अफगाणिस्तान आणि तिबेटबद्दल. त्यामागे हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीची काळजी होती. दोन्हींत लष्करी मदतीबद्दल चकार शब्द नाही. तरीही जानेवारी 1906 पासून ब्रिटिश आणि फ्रेंच सेनाधिकारी बोलू लागले. 1910 पासून ब्रिटिश सेनाधिकारी हेन्री विल्सनने सहा पायदळ डिव्हिजन आणि एक घोडदळ डिव्हिजन कोणत्या बंदरांत उतरवून कोणत्या गाड्यांनी फ्रान्सच्या डाव्या बगलेला न्यायची, इथपर्यंत काम नेलं. पूर्ण मंत्रिमंडळाला हे 1911 मध्ये कळलं. नोव्हेंबर 1912 मध्ये परराष्ट्रमंत्री ग्रे आणि फ्रेंच राजदूत कांबाँ यांनी पत्रांची देवघेव केली: या चर्चांनी कोणत्याही सरकारचं स्वातंत्र्य बांधलं जात नाही. पण त्याच वर्षी फ्रान्सने आपलं मुख्य आरमार भूमध्य समुद्रात एकवटलं आणि ब्रिटनने आपली मोठी जहाजं उत्तर समुद्राकडे ओढली. फ्रान्सचा उत्तर किनारा उघडा राहिला. 2 ऑगस्ट 1914 ला ब्रिटिश मंत्रिमंडळाला त्या किनाऱ्याच्या रक्षणाचं आश्वासन द्यावं लागलं. तिथे कागदापेक्षा जहाजांच्या जागा जास्त बोलल्या.

आता जर्मन बाजू. जानेवारी 1909 मध्ये जर्मन सेनाप्रमुख धाकट्या मोल्टकेने ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कॉनराड याला लिहून कळवलं की ऑस्ट्रियाने सर्बियावर चाल केल्यावर रशियाने जमवाजमव केली, तर जर्मनीही करेल. 1879 च्या बचावाच्या कराराचा अर्थ एका पत्राने ताणला गेला. 1913 मध्ये फक्त रशियाविरुद्ध फौज उभी करायची स्वतंत्र योजना जर्मनीने अद्ययावत ठेवणं बंद केलं. उरली एकच, आधी फ्रान्स, आणि तोही बेल्जियममार्गे. मोल्टकेला व्यापारासाठी हॉलंड तटस्थ ठेवायचं होतं, त्यामुळे सगळी उजवी फळी बेल्जियममधल्या लिएजच्या किल्ल्यांजवळच्या अरुंद पट्ट्यातून जायची होती. बेल्जियन सैन्य सावरण्याआधी, जमवाजमवीच्या पहिल्या काही दिवसांतच, लिएज घ्यायला हवं होतं. दुसरे देश जमवाजमव करून सरहद्दीवर थांबू शकत होते, जर्मनीच्या योजनेत थांबायला जागाच नव्हती.

हे सगळं 1914 च्या तारखांशी ताडून पाहा. 28 जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं; सर्बियाशी रशियाचा असा करार नव्हता. 30 जुलैला रशियाने संपूर्ण जमवाजमवीचा हुकूम काढला. 1 ऑगस्टला जर्मनीने रशियावर युद्ध पुकारलं, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं त्या ऑस्ट्रियाने रशियावर पुकारलं 6 ऑगस्टला. म्हणजे मित्राला वाचवायला निघालेला जर्मनी मित्राच्या पाच दिवस आधी लढाईत होता. 3 ऑगस्टला फ्रान्सवर युद्ध, 4 तारखेला बेल्जियममध्ये प्रवेश आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात. ब्रिटनने कारण दाखवलं ते 1839 च्या बेल्जियमच्या तटस्थतेच्या कराराचं. इटली बाहेर राहिली: हल्ला ऑस्ट्रियाचा, आधी विचारलं नाही, सातवं कलम मोडलं. कलम वाचलं तर इटलीचं म्हणणं बरोबर होतं, तिला धोकेबाज म्हणणाऱ्यांनी तो कागद वाचलेला नसतो.

युतीतले देश एकत्र लढताना काय बिघडतं, त्यावरही एक परिच्छेद लिही. रशियाने फ्रान्सला 15 व्या दिवशी 8 लाख सैनिक द्यायचा शब्द दिला होता. तो पाळायला दोन सेना पुरवठा पुरता जुळण्याआधीच पूर्व प्रशियात शिरल्या आणि ऑगस्टअखेर तिथल्या टॅनेनबर्गला रशियन जनरल साम्सोनोव्हची सेना नष्ट झाली. मात्र त्या धसक्याने जर्मनीने पश्चिमेकडून दोन कोअर (अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या तुकड्या) पूर्वेला हलवल्या. त्या टॅनेनबर्गची लढाई संपल्यावर पोचल्या आणि फ्रान्समधल्या मार्नच्या लढाईच्या वेळी पश्चिमेत नव्हत्या. उलट बाजूला कॉनराडने आपली दुसरी सेना आधी सर्बियाकडे पाठवली, मग रशियाच्या सरहद्दीवरच्या गॅलिशिया प्रांताकडे वळवली. दोन्हीकडे ती वेळेवर उपयोगी पडली नाही. जर्मनीला वाटत होतं ऑस्ट्रिया रशियाला थोपवील, ऑस्ट्रियाला वाटत होतं जर्मनी पूर्वेकडे मोठी चढाई करील. पस्तीस वर्षांच्या युतीत दोघांनी एकत्रित युद्धयोजना लिहिली नव्हती.

शेवटी एक धागा आपल्याकडे येतो, तो वगळू नकोस. 2 ऑगस्ट 1914 ला जर्मनीने तुर्कस्तानशी गुप्त करार केला. तुर्कस्तान युद्धात आल्यावर नोव्हेंबरमध्ये हिंदी सैन्याची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन इराकच्या किनाऱ्यावर फाव इथे उतरली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 ला कुत इथे वेढ्यात सापडलेल्या या डिव्हिजनने शरणागती पत्करली. कित्येक मराठा शिपाई तुर्की कैदेतून परतले नाहीत. आणि ब्रिटन, फ्रान्स, रशिया यांनी एकट्याने तह न करण्याचा लेखी करार केला तो 5 सप्टेंबर 1914 ला, लंडनमध्ये, युद्ध सुरू होऊन महिना उलटल्यावर. तिसऱ्या पानावरचं ते वाक्य बदलताना ही तारीख सोबत लिही.

दुरुस्त खर्डा झाला की पाठव. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझे,
बाबा