दर्शनबारीतल्या माऊलींनो, मनापासून आभार

आषाढीला आईला घेऊन पंढरपूरला गेलो होतो, बारी पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली, १८ तास लागले. भावाचं नाव किडनीच्या वेटिंग लिस्टमध्ये लावून ३ वर्षं झालीत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, पण आईने देवाला एकदाही उलट विचारलं नाही, म्हणते पुंडलिकाने दिलेल्या विटेवर तो स्वतःच अजून थांबलाय, मग घाई करणारे आपण कोण.

पहाटे तिचे पाय इतके सुजले की चप्पल चढेना. पुढच्या नऊवारीतल्या मावशींनी काही न बोलता घोंगडी अंथरली, आईचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळलं, आणि मागच्या दोन पोरांनी तोवर आमचा नंबर धरून ठेवला, वर चहा आणि राजगिऱ्याचे लाडू पण. पैसे देऊ केले तर माऊली म्हणत आईच्याच पाया पडले. नावं विचारायची राहूनच गेली हो!

विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवून आईने आधी तुमच्यासाठी मागितलं, मग भावासाठी. हॉस्पिटलचा फोन अजून आलेला नाही, आम्ही थांबलोय. मावशी, तुमची घोंगडी आमच्याकडेच राहिलीय, धुऊन ठेवलीय, कार्तिकीला घेऊन येतो.