हेरॉन म्हणजे फक्त वाफेचा गोळा नाही हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला वाफेच्या इंजिनावरचा लेख वाचला. चांगला होता, पण अलेक्झांड्रियाच्या हेरॉनला त्यात जेमतेम दोन ओळी, पहिल्या शतकात त्याने वाफेवर फिरणारा गोळा केला, त्याचा कुणी उपयोग केला नाही, आणि लगेच गाडी जेम्स वॅटवर. सगळीकडे असंच असतं, आणि मुळात मोजणीतल्या या माणसाचं खरं काम राहूनच जातं, म्हणून हे पत्र.

गोळा भारीच आहे, त्यात वाद नाही. देवळात नाणं टाकलं की पाणी देणारं यंत्रही त्याच्या पुस्तकात आहे, नाणं आत एका पट्टीच्या टोकावर पडतं, त्या वजनाने झडप उघडते, नाणं घसरून पडलं की झडप बंद. ही सगळी यंत्रं आपलीच असंही तो म्हणत नाही, आधीच्या लोकांचं नीट मांडतोय आणि आपली भर घालतोय असं सरळ लिहितो. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

पण शाळेत त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढतो ना, ते सूत्र त्याच्या नावाचं, आणि त्याची सिद्धता त्याच्या मेट्रिका या ग्रंथात आहे. हा ग्रंथ कित्येक शतकं हरवलेलाच होता, 1896 मध्ये इस्तंबूलला त्याचं हस्तलिखित सापडलं. जमिनीच्या तुकड्यात मधे घर असेल, विहीर असेल, तर लंब टाकणार कुठे? तीन बाजू मोजा, झालं.

त्याचं उदाहरण बघा. बाजू 7, 8, 9. बेरीज 24, निम्मे 12. त्यातून एकेक बाजू वजा केली की 5, 4, 3. 12 सकट सगळ्यांचा गुणाकार 720, त्याचं वर्गमूळ म्हणजे क्षेत्रफळ. आता 720 चं वर्गमूळ पूर्ण येत नाही, मग तो म्हणतो जवळचा वर्ग 729, त्याचं मूळ 27. 720 ला 27 ने भागा, 26 पूर्णांक दोन तृतीयांश. त्यात 27 मिळवा आणि निम्मे करा, 26 पूर्णांक पाच षष्ठांश, म्हणजे 26.833. वाटलं तर कॅल्क्युलेटरवर करून बघा, 26.8328 येतं, म्हणजे तिसऱ्या दशांशापर्यंत फरकच नाही म्हणा! आणि अजून अचूक हवं तर हीच कृती पुन्हा करा असंही तो सांगतो.

क्षेत्रफळाचं हे सूत्र आर्किमिडीजचं असं मध्ययुगीन विद्वान अल् बिरुनी लिहून गेलाय, असेलही, पण आपल्यापर्यंत आलेली सिद्धता हेरॉनच्या ग्रंथातली. आणि आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये चौकोनासाठी सूत्र दिलं, वर्तुळात बसणाऱ्या चौकोनाला ते लागू पडतं, त्यात एक बाजू शून्य धरली की हेच त्रिकोणाचं सूत्र मिळतं. मुलांना हे दोन्ही शेजारी शेजारी दाखवलं तर किती मजा येईल त्यांना!

तेव्हा एक विनंती, मुलांच्या पानावर 7, 8, 9 चं हे गणित पायऱ्यांसकट छापा, जागा थोडीच लागेल, आणि शेजारी ब्रह्मगुप्ताचं सूत्रही द्या.

आपला,
एक नियमित वाचक