शिवडीला रुजू होण्याआधी

चि. मंजूस अनेक आशीर्वाद.

तुझी ऑर्डर आल्याचं काल बाबांनी सांगितलं. शिवडीचं टीबी हॉस्पिटल, आणि तोही एमडीआर वॉर्ड, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा. फोनवर माझा आवाज नीट राहिला नसता, म्हणून लिहितेय. काळजीचं काही लिहायचं नाही असं ठरवलंय. एवढंच सांगते, एन-९५ चढवलास की दोन्ही तळहात त्यावर धरून जोरात श्वास सोड. डोळ्यांना वारा लागला तर नाकाची पट्टी पुन्हा दाब. वरचा पट्टा डोक्यावर मागच्या बाजूला, खालचा कानाखाली मानेवर.

नर्सिंगमधली ओरेमची सेल्फ-केअर थिअरी परीक्षेपुरती, असं तू म्हणालीस ते मला पटलेलं नाही. डोरोथिया ओरेम विचारतात ते साधंच आहे : या माणसाला आज स्वतःचं काय जमतंय आणि काय नाही? धाप लागलेल्या, खोकल्यातून रक्त पडणाऱ्या पेशंटचं सगळं तुम्हीच करायचं. धाप उतरली की अर्धं त्याच्याकडे सोपवायचं. गोळ्या त्याने मोजायच्या, तू समोर उभं राहून बघायचं. शेवटी नुसतं शिकवायचं आणि पाठीशी राहायचं. बिघडतं कुठे, तर पेशंट पहिल्याच पायरीवर असतो आणि डिस्चार्जचा दिवस उजाडतो. इतके दिवस सिस्टरने गोळ्या हातावर ठेवल्या, त्याने गिळल्या. बेडाक्विलिन ही टीबीची गोळी पहिले २ आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम आणि पुढे आठवड्यातून ३ दिवस २००, हे त्याला कुणी वदवूनच घेतलेलं नसतं. बीपाल-एम या चार औषधांच्या कोर्समुळे (बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन) दीड-दोन वर्षांचे उपचार ६ महिन्यांवर आले हे खरं, पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि नेमकी तिथेच गोळी सुटते.

लिनेझोलिड नसा, नजर आणि रक्त बिघडवू शकतं, त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. 'त्रास आहे का' विचारलंस तर पेशंट 'नाही' म्हणतो. 'चालताना चप्पल पायातून निसटते का? मुंग्या येतात का?' असं विचार. दर महिन्याला एकेक डोळा झाकून बारीक अक्षर वाचून घे, लाल-हिरवा ओळखू दे. नजरेत फरक वाटला तर पुढच्या राउंडची वाट बघू नकोस, डॉक्टरांना त्याच दिवशी बोलाव. हिमोग्लोबिन उतरलं की लोहाच्या गोळ्या सुरू होतात. त्या मॉक्सिफ्लॉक्सासिनबरोबर एकाच वेळी दिल्या तर मॉक्सी अंगी लागत नाही. मध्ये काही तासांचं अंतर ठेव. अँटासिडचंही तेच.

आणि उलटी. उलटी झाली की हात सवयीने ऑन्डान्सेट्रॉनकडे जातो. बेडाक्विलिन आणि मॉक्सी दोन्ही क्यूटी (ईसीजीवरचं ठोक्याचं एक अंतर, ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात) वाढवतात, ऑन्डान्सेट्रॉनही वाढवतं, शिवाय उलट्यांनी पोटॅशियम खाली जातं. आधी ताजा ईसीजी बघ, मग डॉक्टरांना विचार. क्यूटीसी, म्हणजे ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून काढलेला क्यूटी, ५०० मिलिसेकंदांच्या वर दिसला तर पुढचा डोस देण्याआधीच फोन कर.

पुन्हा शिकवायला लागले. रागावू नकोस, तुला यातलं बरंच येतं हे मला माहीत आहे. आबांच्या आजारपणाच्या वेळी तू सात वर्षांची होतीस, आत जायची मनाई होती, तर दाराखालून वर्तमानपत्र सरकवायचीस आणि ते मोठ्याने वाचतायत का, हे कान लावून ऐकायचीस. तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं, ही नर्स होणार. सुमावन्सं अजून म्हणतात, दुसरा वॉर्ड मागून घे. मी म्हणणार नाही.

पण खिडक्या उघड्या ठेव. पावसात पेशंट बंद करून घेतात, तू वॉर्डातल्या मावशींना सांगून उघडायला लाव. वारा तुझ्या पाठीकडून पेशंटकडे जाईल अशी उभी राहा. बेडका घ्यायचा तो बाहेर, उघड्यावर. खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला, नुसती लाळ नको. पेशंटला साधा मास्क, तुला एन-९५. आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस, कागदी पाकिटात ठेव. मास्कचं पुन्हा आलंच, येऊ दे.

उपाशी ड्युटीला जायची तुझी खोड इथे चालणार नाही. रुजू होण्याआधी छातीचा एक्स-रे काढून तो जपून ठेव, म्हणजे पुढे ताडून बघता येईल. दर महिन्याला वजन कर. खोकला २ आठवडे राहिला तर वॉर्डातल्या मैत्रिणीला विचारत बसू नकोस, थुंकी तपासून घे. सोमवारी एक्स-रे झाला की ह्यांच्या फोनवर कळव, माझा बिघडलाय.

तुझी,
आई