अमेरिकन लीगच का जिंकायची

नोव्हाय, मिशिगन

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत आणि मी "पत्रात लिहिते" म्हणाले, कारण मला अर्धवट सांगायचं नव्हतं. नातवानं तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. २००४ ते २०१७, सलग चौदा वर्षं, बेसबॉलमध्ये अमेरिकन लीगचे संघ नॅशनल लीगच्या संघांना आपसातल्या सामन्यांत भारी पडले. "चौदा वर्षं म्हणजे नशीब नव्हे, काहीतरी कारण असणार," असं तुम्ही म्हणालात ना? कारण आहे, आणि ते मला फार जवळचं वाटतं.

आई, आधी तुझ्यासाठी. इथे दोन लीग आहेत. नॅशनल लीग १८७६ची, अमेरिकन लीग १९०१ची. मोसमभर दोघी आपापल्या घरात खेळायच्या आणि शेवटी दोघींचे विजेते वर्ल्ड सिरीजमध्ये भेटायचे. मोसमाच्या मध्येच एकमेकींशी सामने सुरू झाले ते थेट १९९७ साली. तुम्ही दोघं २०२३च्या उन्हाळ्यात इथे आलात तेव्हा आपण कोमेरिका पार्कवर अमेरिकन लीगच्या डेट्रॉइट टायगर्सचा सामना पाहिला, आठवतो? तू विचारलं होतंस, "तो दांडगा माणूस बॅटिंग झाली की बाकावर जाऊन बसतो. त्याला काही दुखापत झालीये का?" तो मिगेल काब्रेरा. त्याचा गुडघा जुना दुखणेकरी होता हेही खरं, पण तो बसायचा नियमानंच. बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तू तेव्हाच शोधलं होतंस.

बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बॅटिंगला आला की आपला अकराव्या नंबरचा बॅट्समन. बॅट हातात असते, पण कुणी धावांची आशा धरत नाही. अमेरिकन लीगनं १९७३ साली ठरवलं की पिचरच्या जागी दुसऱ्या कुणीतरी बॅटिंग करावी आणि त्यानं फील्डिंगला उतरू नये. त्याला डेझिग्नेटेड हिटर म्हणतात, बोलताना नुसतं डीएच. बाबा, आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेयर आला तेव्हा तुम्ही चिडला होतात, तसेच नॅशनल लीगचे जुने लोकही चिडून होते. २०२०चा करोनाचा मोसम सोडला, तर २०२१पर्यंत त्यांचे पिचर स्वतःच बॅट घेऊन यायचे.

दोन लीगचा सामना असला की नियम यजमानाचा. अमेरिकन लीगच्या मैदानावर बॉस्टनकडे डेव्हिड ऑर्टिझ असायचा, ज्याचं वर्षभराचं कामच ते. समोरच्या संघाला मात्र त्या जागेसाठी राखीव खेळाडूंतलाच कुणीतरी उठवावा लागायचा. उलट नॅशनल लीगच्या मैदानावर दोन्हीकडचे पिचर बॅटिंगला यायचे आणि दोन्हीकडचे बहुतेक वेळा बादच व्हायचे; ऑर्टिझसाठीची खास जागा तेवढी तिथे नसायची. म्हणजे एका घरी मोठा फायदा, दुसऱ्या घरी थोडासा तोटा.

पण एवढंच असतं, तर १९९७पासूनच अमेरिकन लीग जिंकत राहिली असती. तसं झालं नाही. पहिली सात वर्षं कधी हे, कधी ते. मला वाटतं नियमाची खरी करामत करारांत आहे, आणि ती दिसायला वेळ लागला. तिशीतला मोठा हिटर आठ-दहा वर्षांचा करार मागतो. नॅशनल लीगचा मालक विचारात पडायचा, की छत्तिसाव्या वर्षी याचे पाय चालले नाहीत तर याला उभा कुठे करू? अमेरिकन लीगच्या मालकाकडे त्याच्यासाठी डीएचची जागा तयार असायची. २०११-१२च्या हिवाळ्यात काही आठवड्यांच्या आत अल्बर्ट पुहोल्स सेंट लुईस सोडून एंजल्सकडे गेला, दहा वर्षं, २४ कोटी डॉलर. प्रिन्स फील्डर मिलवॉकी सोडून आमच्या टायगर्सकडे आला, नऊ वर्षं, २१ कोटी ४० लाख. काब्रेरा तर २००७च्या डिसेंबरातच फ्लोरिडाहून आला होता. तिघेही नॅशनल लीगचे!

त्यात अमेरिकन लीगमधल्याच न्यूयॉर्क यांकीज आणि बॉस्टन रेड सॉक्स यांची चढाओढ. २००५ला यांकीजचा पगारखर्च २० कोटी डॉलरच्या वर होता. वर्षातून अठरा-एकोणीस वेळा ज्यांना त्यांच्याशी झुंजायचं, त्यांना जीव तोडून खेळायला शिकावंच लागतं. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखान्याबद्दल तुम्ही हेच सांगायचात ना, की मुंबईची टीम त्या चुरशीत तयार झाली?

२००६ साली तर कहर झाला. दोन लीगमधल्या २५२ सामन्यांपैकी १५४ अमेरिकन लीगनं जिंकले. टायगर्सनी त्यांतले अठरापैकी पंधरा घेतले. आणि ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज कुणी जिंकली? मोसमात फक्त ८३ विजय मिळवलेल्या सेंट लुईसनं, आमच्यावर, ४-१ अशी. पाचही सामन्यांत टायगर्सच्या पिचरांनी एकेक चूक केली. बहुतेकदा साधा घरंगळत आलेला चेंडू उचलायचा आणि फेकायचा, तोच चुकला. लीग बलाढ्य असली तरी त्या पाच रात्री तिचा उपयोग झाला नाही.

मात्र फार गंभीर आहे ते याच्या आधीचं. १९६३ ते १९८२ या वीस वर्षांत ऑल-स्टार सामना, म्हणजे दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंचा आपसातला सामना, नॅशनल लीगनं एकोणीस वर्षं जिंकला. एकदाच हरली, १९७१ला, तेही आमच्या डेट्रॉइटमध्ये. हे का? कृष्णवर्णीयांना तोवर या लीगमध्ये दार बंद होतं. १९४७ला नॅशनल लीगच्या ब्रुकलिननं जॅकी रॉबिन्सनला घेतलं, मग विली मेज, हँक आरन, रोबेर्टो क्लेमेंटे असे एकाहून एक कृष्णवर्णीय खेळाडू नॅशनल लीगमध्ये आले. अमेरिकन लीगमध्ये क्लीव्हलँडनं त्याच वर्षी लॅरी डोबीला घेतलं, पण बाकीच्यांतले बरेच दार लावून बसले. यांकीज १९५५पर्यंत, टायगर्स १९५८पर्यंत, बॉस्टन १९५९पर्यंत. या गावात मी एवढी वर्षं राहते, टायगर्सची टोपी घालते, आणि ते १९५८ अजून मनाला लागतं.

२०१८ला नॅशनल लीगनं ती चौदा वर्षांची साखळी तोडली. डॉजर्ससारख्यांनी पैसा ओतला होता, तरुण खेळाडू तयार केले होते. आता दोन्हीकडे डीएच आहे.

२३ एप्रिल २०२२ला मी मैदानावर होते. आदल्या दिवशीचा सामना पावसानं गेला होता, म्हणून शनिवारी दोन सामने होते. समोर कॉलराडो, नॅशनल लीगचा संघ. पहिल्याच डावात काब्रेरानं उजवीकडे चेंडू ढकलला आणि आपली ३०००वी हिट घेतली, म्हणजे चेंडू मारून बाद न होता बेस गाठायची ३०००वी वेळ. वय एकोणचाळीस. धाव जपून होती, पण हात तेच. विरुद्ध संघातला होसे इग्लेसियास, त्याचा जुना सहकारी, धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला. मग त्याची आई आणि मुलं मैदानात आली. शेजारच्या आजोबांनी माझा हात धरला होता, तो सोडलाच नाही.

बाबा, फिजिओथेरपी चुकवू नका, आई मला सगळं सांगते. मे महिन्याची तिकिटं बघतेय. विमानात कडेची सीट घेते, पाय लांब करता येईल. आणि कोमेरिकाला या वेळी वरच्या रांगेतली जागा बघून ठेवलीये, जिथे एकही पायरी उतरावी लागत नाही.

तुमची,
मनू