जांघेतली प्रत्येक गाठ अवधाण नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात हर्नियावर, म्हणजे अंतर्गळावर, आलेला लेख एकंदरीत उपयुक्त होता. मात्र त्यातील ‘दुखत नसेल तर ऑपरेशन लांबणीवर टाकले तरी चालते’ हे वाक्य जसेच्या तसे सोडून देता येणार नाही. ते खोटे नाही, अर्धे आहे. या सल्ल्याला मोठा आधार मिळाला तो २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, आणि त्यातील सातशे वीसच्या सातशे वीस रुग्ण पुरुष होते. आपला लेख वाचून एखादी सत्तरीतली बाई ‘मलाही गाठ आहे, पण दुखत नाही’ म्हणून निश्चिंत झाली असेल, तर तिच्यासाठी हे पत्र.

जांघेची रचना समजून घेतल्याशिवाय यातला धोका लक्षात येत नाही. कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून खाली मध्यावरच्या जघनास्थीपर्यंत एक चिवट बंध तिरका ताणलेला असतो. त्याच्या लगत वरच्या बाजूला पोटाच्या स्नायूंच्या थरांतून सुमारे चार सेंटिमीटर लांबीची वाट जाते. मुलग्याचे वृषण जन्मापूर्वी पोटातून याच वाटेने खाली उतरतात आणि ही जागा कायमची थोडी कच्ची राहते. पुरुषांत जांघेचा हर्निया इतका आढळतो त्याचे मुख्य कारण हे आहे, केवळ ओझी उचलणे नव्हे. त्याच बंधाच्या खालून पायाकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या जातात. बाहेरून आत मोजत गेल्यास आधी मज्जातंतू, मग रोहिणी, मग नीला, आणि नीलेच्या आतल्या अंगाला बोटाचे टोक जेमतेम जाईल एवढी मोकळी जागा असते. नीला रक्ताने फुगली तर तिला पसरता यावे म्हणून ती मोकळी असते, आणि त्यात थोडी चरबी व एखादी लसिकाग्रंथी एवढेच असते. या फटीतून आतड्याचा तुकडा खाली घसरला की त्याला फेमोरल हर्निया म्हणतात. स्त्रियांचे ओटीपोटाचे हाड रुंद असल्यामुळे ही फट त्यांच्यात अधिक मोठी असते, आणि म्हणूनच हा प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत, विशेषतः उतारवयात, जास्त आढळतो. (स्त्रियांतही एकूण संख्येने वरच्या वाटेचाच हर्निया अधिक, हे खरे, पण फसवतो तो खालचा.)

फसवतो अशासाठी की त्याच्या दाराची चौकट ताठर आहे. एका बाजूला हाड, वर बंध आणि आतल्या बाजूला त्याच बंधाची धारदार कड. आत शिरलेले आतडे फुगले तरी यातले काहीही ताणले जात नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत वरच्या वाटेचा हर्निया दिसू लागल्यापासून तीन महिन्यांत आवळला जाण्याची, म्हणजे आत अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याची, शक्यता तीन टक्क्यांहूनही कमी, तर फेमोरल हर्नियाची बावीस टक्के आढळली. पावणेदोन वर्षांत ती पंचेचाळीस टक्क्यांवर गेली. ‘थांबून पाहू’ हा सल्ला इथे का चालत नाही, ते या आकड्यांवरून कळावे.

आता मुख्य अडचण. ही गाठ लहान असते, सुपारीएवढी. तोंड अरुंद असल्याने खोकल्यावर ती फुगेलच असे नाही आणि आडवे झाल्यावर आत जाईलच असेही नाही. हाताला ती लसिकाग्रंथीसारखीच लागते. त्यामुळे घरात तिला ‘अवधाण आलंय’ म्हटले जाते आणि शेक, लेप सुरू होतात. अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. ते येते पायाला जखम, फोड किंवा चिखल्या झाल्यावर; ते दुखते आणि मूळ जखम बरी झाली की ओसरते. पायावर ओरखडाही नसताना जांघेत गाठ राहत असेल, तर ती शेकू नये, चोळू नये, दाबून आत ढकलण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

माझ्या नोकरीच्या काळात एका आजींना तीन दिवस उलट्या होत होत्या आणि पोट फुगले होते. तोवर एका दवाखान्यात पित्त म्हणून औषधे झाली होती. शौचाला थोडे होत असल्यामुळे आतडे अडकल्याची शंका कुणाला आली नाही. पण अशा हर्नियात कधीकधी आतड्याच्या भिंतीचा फक्त एक भाग चिमटतो आणि वाट पूर्ण बंद होत नाही. पोट सर्वांनी तपासले होते, नाभीपर्यंत. साडीची गाठ सैल करायला त्या संकोचत होत्या, आणि तपासणाऱ्यांनीही आग्रह धरला नव्हता. जांघेतली गाठ त्यांना वर्षभरापासून ठाऊक होती. सुनेलाही सांगितले नव्हते. ऑपरेशनमध्ये आतड्याचा काळा पडलेला भाग काढावा लागला. आजी वाचल्या, पण वेळेत केले असते तर जे ऑपरेशन तासाभराचे झाले असते, त्यासाठी त्यांना अठरा दिवस रुग्णालयात काढावे लागले.

जांघेच्या हर्नियाबाबत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्त्रियांसाठी, जिथे सोय असेल तिथे, दुर्बिणीच्या ऑपरेशनला पसंती आहे. कारण आतून पाहिल्यावर बंधाच्या वरची आणि खालची अशी दोन्ही दारे एकदम दिसतात. वरून छेद घेऊन केलेल्या ऑपरेशनात खालचे दार नजरेतून निसटू शकते. सोय नसेल तर छेद घेऊनही ही फट नीट बंद करता येते. पट्टा बांधून मात्र ती बंद होत नाही.

आपल्या पुढच्या पुरवणीत त्या वाक्यापुढे ‘हे स्त्रियांना लागू नाही’ एवढे चार शब्द छापावेत, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शल्यचिकित्सक, सांगली