तुझा ठेका, त्याचे शब्द

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एवढा तापला होतास की मी नुसतं 'हं, हं' करत राहिलो. मित्राने तुझ्या बीटवर न विचारता गाणं केलं आणि तुझं नावही टाकलं नाही. आई म्हणाली, "लिहून पाठवा, फोनवर तुम्ही दोघंही ऐकून घेत नाही." म्हणून हे पत्र.

गेल्या गणपतीत तू 'यामाहा स्कँक' हा जमैकाचा अल्बम पाठवला होतास. दोन गाण्यांनंतर 'सगळं सारखंच वाजतंय' म्हणत मी तो बंद केला होता. आता तुझा जुना हेडफोन लावून चार रात्री तोच ऐकतोय. सारखंच वाजणार, कारण अख्ख्या अल्बमला रिडिम, म्हणजे गाण्यामागची वाद्यांची साथ, एकच! 1974 मध्ये निर्माता रूपी एडवर्ड्सने हा अल्बम काढला. एकाच रिडिमवरचा पहिला अल्बम म्हणून याचंच नाव घेतात. आणि रिडिम मुळात दुसऱ्याच गाण्याचा. 1968 मध्ये बनी ली या निर्मात्याने 'युनिक्स' या गायकांच्या गटाकडून 'माय कॉन्व्हर्सेशन' गाऊन घेतलं, त्याची ही साथ. ते गाणारा स्लिम स्मिथ 1973 मध्येच वारला होता. टेपवरचा आवाज काढायचा, साथ ठेवायची आणि पुढच्याला माइकसमोर उभं करायचं, अशी त्यांची रीत. अल्बममधला शॉर्टी द प्रेसिडेंट तर गातच नाही, तालात बोलतो. तिकडे त्यालाच डीजे म्हणतात, आपल्या मिरवणुकीतल्या भिंतवाल्याला नव्हे.

तिसऱ्या रात्री मी गाणाऱ्यांकडे कान दिलाच नाही, नुसता बास धरून बसलो. तोच बास, पण एकाखाली उदास वाटतो आणि दुसऱ्याखाली चक्क थट्टा करतो. आमचे बुवा एका चालीवर तीन अभंग म्हणतात, तेव्हा मला हे कळायला हवं होतं. पखवाजाचे बोल मी काही बदलत नाही.

पण तुझा राग अगदीच खोटा नाही. त्या काळी किंग्स्टनच्या स्टुडिओत वाजवणाऱ्यांना एका गाण्याचे ठरलेले पैसे हातावर मिळत, तेही एकदाच. पुढे त्याच साथीवर कितीही तबकड्या निघोत, त्यांना काय? तबकडीवर गायकाचं नाव, निर्मात्याचं नाव, आणि बासवाला बहुधा कुठेच नाही. ही त्या मंडळींची कीर्ती सांगताना गाळायची गोष्ट नाही.

तेव्हा नाव मागून घे, पैसे आले तर वाटाही. त्यात भीड नको. फक्त गाणं काढून टाकायला लावू नकोस. मी ऐकलं ते. दुसऱ्या कडव्यात तुझा बास थांबतो ना, तिथे पोरगा श्वास घेऊन असा काही उतरतो, की ती जागा मला तुझ्या नुसत्या बीटमध्ये दिसलीच नव्हती.

दिवाळीला येताना बिनगाण्याची फाइल आण. पखवाजाला कणीक लावायला मी आहेच. चिऊताईला तिचं ते वात्रट गाणं म्हणू दे त्यावर.

तुझा,
बाबा